निकाल उघडे आहेत, पण सापडत नाहीत

आपल्या कुठल्याही मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच : "अम्मीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, चांगला सर्जन सांगा." पाच मिनिटांत आठ-दहा नावं येतात. एखादा लिहितो, "त्यांच्याकडे चुकूनही जाऊ नका, आमच्या खालूंना त्यांनीच घालवलं." लगेच दुसरा त्याच डॉक्टरबद्दल लिहितो, "माझ्या भावाला त्यांनीच वाचवलं, फरिश्ता माणूस आहे." प्रश्न विचारणारा मुलगा शेवटी तिथेच जातो जिथली चिठ्ठी फॅमिली डॉक्टरनं दिलेली असते. त्या चिठ्ठीमागे अनुभव आहे की कट, हे कळायला त्याला मार्ग नसतो.

हाच मुलगा उद्या मुंब्र्यात किंवा कोंढव्यात वन-बीएचके बुक करायला गेला तर आधी महारेराची वेबसाइट उघडेल. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक जाहिरातीवर छापलेला असतो, कारण तसा कायदा आहे. तो क्रमांक टाकला की बिल्डर कोण, प्रकल्पावर कोणते खटले आहेत, कोणत्या तक्रारी झाल्या, हे समोर येतं. महारेरा २०१७ पासून सुरू आहे. तिचं सगळं काम आदर्श चालतं असं मी म्हणत नाही. पण घराच्या भिंतीबद्दल जेवढं आधी कळू शकतं, तेवढं आईच्या पोटावर सुरी चालवणाऱ्या माणसाबद्दल कळू शकत नाही. ही उलटी तऱ्हा आपण इतकी वर्षं निमूट चालवून घेतली आहे.

"डॉक्टरांवरच्या खटल्यांची माहिती लोकांना खुली हवी का?" असा वाद आपल्याकडे अधूनमधून होतो. मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. भारतात ती माहिती बऱ्याच अंशी खुली आहेच. ग्राहक आयोगाचा निकाल गुप्त नसतो, हायकोर्टाचा नसतो, सुप्रीम कोर्टाचा तर नाहीच. ग्राहक आयोगांच्या खटल्यांची ऑनलाइन व्यवस्था पूर्वी कॉन्फोनेट नावानं चालायची, २०२५ पासून ई-जागृती नावाचं पोर्टल आलं आहे. कोर्टांसाठी ई-कोर्ट्स आहे. इंडियन कानून ही साइट तर सुशांत सिन्हा या संगणक इंजिनिअरनं २००८ मध्ये स्वतःच्या हिमतीवर उभी केली आणि आज देशातले वकील सकाळी उठून तीच उघडतात. माहिती आहे, पण ती माणसाशी जोडलेली नाही. आमच्या धंद्यात ज्याला प्रायमरी की म्हणतात, म्हणजे प्रत्येक नोंदीला ओळख देणारा तो एक क्रमांक, तोच या सगळ्यात गायब आहे.

आणि गंमत अशी की तो क्रमांक तयार आहे. तो तुमच्या घरात, औषधाच्या डब्यात, जुन्या चिठ्ठ्यांवर पडलेला आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रावर, पावतीवर छापायचा असतो. सर्दीच्या गोळीच्या चिठ्ठीवर जो क्रमांक सक्तीचा आहे, तोच क्रमांक "या डॉक्टरनं निष्काळजीपणा केला" असं सांगणाऱ्या निकालावर सक्तीचा नाही. तिथे फक्त नाव असतं. कधी कधी तेही नसतं.

थोडं मागे जाऊ. १९५३ साली गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. मुलाला पुण्याला नेलं. तिथल्या शल्यचिकित्सकानं पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्यानं मुलगा गेला, असा निष्कर्ष कोर्टांनी काढला. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९६८ मध्ये आला. भरपाई ३,००० रुपये. डॉक्टरची रुग्णाप्रति काय काय जबाबदारी असते हे सांगताना आजही कोर्टं या निकालाचा आधार घेतात. एका डॉक्टर बापालासुद्धा पंधरा वर्षं लागली, तर पावरलूमवर काम करणाऱ्या बापाचं काय होत असेल, हे मी सांगायला नको.

१९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं स्पष्ट केलं, तेव्हा कुठे सामान्य माणसाला परवडेल असा दरवाजा उघडला. २०१९ च्या नव्या कायद्याच्या व्याख्येत आरोग्यसेवा हा शब्द नाही म्हणून डॉक्टर वगळले गेले, असा युक्तिवाद एका डॉक्टर संघटनेनं केला. आधी मुंबई हायकोर्टानं आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फेटाळला. मात्र एक मोठा अपवाद १९९५ पासून तसाच आहे. ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच सगळं मोफत मिळतं, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बाळंतपणात दगावलेल्या बाईचं प्रकरण या नोंदींत येण्याची शक्यताच कमी. डॉक्टरांच्या खटल्यांची जी काही यादी उद्या तयार होईल, ती पैसे मोजणाऱ्या रुग्णांची यादी असेल, हे आधीच समजून घ्यायला हवं. सर्वांत गरिबाची तक्रार तिच्यात नसेल.

आता एखादं नाव शोधून बघू. समजा डॉक्टरचं आडनाव शेख आहे. इंग्रजीत ते चार-पाच प्रकारे लिहिलं जातं, मराठी निकालात आणखी दोन प्रकारे. पहिलं नाव मोहम्मद असेल तर ते पूर्ण, अर्धं किंवा नुसत्या दोन अक्षरांत असतं. अन्सारी, खान, पठाण, सय्यद यांचं हेच. एका ओळखीच्या कुटुंबासाठी मी एकदा असा शोध घ्यायला बसलो होतो. दोन रात्री गेल्या. शेवटी जे प्रकरण हाती लागलं ते त्याच डॉक्टरचं आहे की त्याच नावाच्या दुसऱ्याचं, हे मी छातीठोकपणे सांगू शकलो नाही. म्हणून काहीच सांगितलं नाही. पण दुसरा कुणी सांगून मोकळा झाला असता आणि तो स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर फिरला असता.

इथे हा विषय आपल्याला वेगळ्या रीतीनं भिडतो. नावावरून माणूस ठरवण्याचा धंदा सध्या जोरात आहे. एखाद्या डॉक्टरबद्दलची खरी-खोटी बातमी त्याच्या आडनावासकट पसरली की ती एका माणसाबद्दल राहत नाही. ज्यांची नावं एकमेकांसारखी आहेत आणि ज्यांच्याबद्दल वाईट ऐकायला लोक तयारच बसलेत, त्यांना नावावर चालणारी नोंद सर्वांत जास्त मारते. म्हणून "नोंदी खुल्या नकोत, बदनामी होईल" असं म्हणणाऱ्या आपल्या डॉक्टर मित्रांना माझं उत्तर आहे की बदनामी आत्ताच होते आहे. क्रमांक असलेली नोंद तुमच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या पापातून तुम्हाला सोडवेल.

नाव गायब होण्याची दुसरी वाट रुग्णाच्या सोयीसाठीच तयार झाली. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रुग्णालयावर दावा करताना नेमक्या कोणत्या डॉक्टरची चूक हे शोधून त्याला प्रतिवादी करणं रुग्णावर बंधनकारक नाही. निकाल योग्यच होता. ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराआड सहा जण होते, त्यातल्या कुणी काय केलं हे बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला कसं कळणार? पण त्याचा एक परिणाम असा की अनेक निकालांत रुग्णालयाचं नाव राहतं, भरपाई रुग्णालय किंवा त्याची विमा कंपनी भरते, आणि डॉक्टर पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात दुसऱ्या रुग्णालयाच्या फलकावर दिसतो.

तिसरी अडचण अपिलांची. मुंबईतल्या एका प्रसिद्ध रुग्णालयात १९९१ मध्ये मूत्रपिंडाच्या एका रुग्णाला दिलेल्या औषधामुळे बहिरेपण आलं अशी तक्रार होती. राष्ट्रीय आयोगानं डॉक्टरला दोषी धरून भरपाई मंजूर केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. जीव वाचवण्यासाठी ते औषध देणं भाग होतं हे मान्य केलं. त्याच निकालात कोर्टानं असंही सांगून टाकलं की यापुढे डॉक्टरला नोटीस काढण्याआधी तज्ज्ञांचं मत घ्या. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या निकालानं हे सांगणं बंधनकारक नसल्याचं म्हटलं. आता तुम्ही यातला फक्त पहिला कागद वाचलात तर डॉक्टर दोषी. दुसरा वाचलात तर निर्दोष. तिसरा वाचल्याशिवाय कायदा काय हे कळत नाही. हे तिन्ही कागद ऑनलाइन आहेत. एकमेकांना जोडणारा दुवा कुठल्याही सरकारी पोर्टलवर सामान्य वाचकाच्या हाताशी नाही.

चौथी अडचण भिवंडी-मालेगावच्या वाचकांना लगेच कळेल. आपल्या गल्लीतला डॉक्टर बहुतेक वेळा एमबीबीएस नसतो. बीयूएमएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. रात्री बारा वाजता दार उघडणारा, उधारीवर इलाज करणारा तोच असतो, त्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे मिळत नाही. आयुर्वेद आणि युनानीची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी. कुठल्या डॉक्टरनं कोणतं औषध द्यायचं हा वाद तर जुनाच आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथनं तापाच्या रुग्णाला तपासण्या न करता अॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच सांगितलं होतं की जे शास्त्र शिकला नाहीत त्यात इलाज करणं हाच निष्काळजीपणा. तीस वर्षं होत आली, तरी कोणता डॉक्टर कोणत्या यादीत शोधायचा हे रुग्णाला सांगणारी एक खिडकी नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग सगळंच खुलं करा. तक्रार आली की टाका वेबसाइटवर. इथे मी थांबेन.

अमेरिकेत यावर भरपूर अभ्यास झाला आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०११ साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की वर्षाला ७.४ टक्के डॉक्टरांवर दावा होतो, पण ज्यात भरपाई द्यावी लागते असा दावा फक्त १.६ टक्के डॉक्टरांवर असतो. म्हणजे बहुसंख्य दाव्यांतून रुग्णाला काहीच मिळत नाही. शिवाय मेंदूच्या सर्जनांपैकी १९.१ टक्क्यांवर वर्षाला दावा होतो आणि मानसोपचारतज्ज्ञांपैकी २.६ टक्क्यांवर. मेंदूचा सर्जन सातपट बेफिकीर असतो असं याचा अर्थ कुणी काढेल का? तो ज्या रुग्णांना हात घालतो ते आधीच मरणाच्या दारात असतात. नुसते दावे मोजले तर अवघड काम करणारा माणूस वाईट ठरतो आणि अवघड केस पुढे ढकलणारा चांगला.

पण त्याच जर्नलमध्ये २०१६ साली दुसरा अभ्यास आला. २००५ ते २०१४ या काळात भरपाई द्याव्या लागलेल्या सगळ्या दाव्यांपैकी जवळपास ३२ टक्के दावे केवळ १ टक्का डॉक्टरांच्या नावावर होते. हा आकडा मला झोपू देत नाही. त्या देशातले ९९ टक्के डॉक्टर ज्या संशयाखाली वावरतात, त्या संशयाचा मोठा वाटा मूठभर लोकांचा आहे, आणि तो मूठभर गट ओळखता येतो, जर कुणी नोंदी एकत्र ठेवल्या तर. आपल्याकडे असा अभ्यास करायचा म्हटला तरी करता येणार नाही. क्रमांकच नाही, तर मोजणार काय?

त्याच अमेरिकेनं १९९० मध्ये एक राष्ट्रीय माहितीकोश सुरू केला. डॉक्टरच्या वतीनं भरपाई दिली गेली किंवा त्याच्या परवान्यावर कारवाई झाली की त्यात नोंद होते. डॉक्टरला नेमताना आणि नंतर दर दोन वर्षांनी रुग्णालयानं तो तपासायचा असतो. मात्र सामान्य नागरिकाला तो बघता येत नाही. संशोधकांसाठी नावं काढलेली प्रत असते. २०११ मध्ये एका पत्रकारानं त्या प्रतीतल्या नोंदी कोर्टाच्या कागदांशी जुळवून एका डॉक्टरची ओळख पटवली, तेव्हा सरकारनं ती प्रतच काही काळ काढून घेतली आणि ओरड झाल्यावर अटी घालून परत ठेवली. मला हा मार्ग पटत नाही. रुग्णालयाच्या मॅनेजरला कळावं आणि रुग्णाला कळू नये, यात न्याय कुठला?

मॅसॅच्युसेट्स राज्यानं वेगळी वाट धरली. १९९६ च्या कायद्यानं तिथे प्रत्येक डॉक्टरचं माहितीपत्रक लोकांसाठी खुलं झालं. त्यात गेल्या दहा वर्षांत दिलेल्या भरपाईची नोंद असते, पण रक्कम तशीच टाकत नाहीत. त्याच शाखेतल्या इतरांच्या तुलनेत ती सरासरी, कमी की जास्त, एवढंच सांगतात. आणि तडजोड झाली म्हणजे चूक सिद्ध झाली असं समजू नये, अशी सूचनाही सोबत असते. डोकं शाबूत ठेवून केलेलं हे डिझाइन आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची शिस्तभंगाची सुनावणी सहसा जनतेसमोर होते, निर्णय प्रसिद्ध होतात आणि नोंदवहीत डॉक्टरच्या नावासमोर दिसतात. ब्रिटनमधले डॉक्टर त्यामुळे उपाशी मेलेले नाहीत.

आपल्याकडे काय आहे? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानं राष्ट्रीय नोंदवही वेबसाइटवर लोकांना खुली ठेवायला सांगितलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिचं नवं पोर्टल सुरू झालं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलनं त्यानंतर "नो युअर डॉक्टर" नावानं क्यूआर कोडची योजना आणली. चांगली गोष्ट आहे. भिंतीवरचा कोड स्कॅन केला की डॉक्टर खरा की बोगस एवढं तरी कळेल. पण खऱ्या डॉक्टरवर कौन्सिलनं कधी ठपका ठेवला का, कोर्टानं काही म्हटलं का, हे त्यातून कळायला हवं होतं.

आणि हे मागणं काही क्रांतिकारक नाही. २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलं आहे की डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढलं तर त्याला स्थानिक वर्तमानपत्रांतून आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या प्रकाशनांतून ठळक प्रसिद्धी द्यायची. त्याच संहितेत तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत द्यायचा असंही आहे. तुमच्या शहरातल्या पेपरात "अमुक डॉक्टरचं नाव नोंदवहीतून सहा महिन्यांसाठी काढलं" अशी बातमी कौन्सिलच्या वतीनं शेवटची कधी वाचलीत, आठवून बघा. नियम कागदावर आहे. शिवाय २०१९ च्या कायद्यात राज्य कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध वर अपील करण्याचा हक्क डॉक्टरला स्पष्ट शब्दांत दिला आहे. रुग्णाचा त्या कलमात उल्लेखही नाही.

त्यात माहिती अधिकाराची धार बोथट झाली. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) मध्ये बदल केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तो लागू झाला. आधी व्यक्तिगत माहिती नाकारताना "सार्वजनिक कामाशी संबंध नाही" किंवा "खासगीपणावर विनाकारण घाला येतो" असं दाखवावं लागे. आता नुसतं "व्यक्तिगत आहे" म्हटलं की झालं. कौन्सिलकडे एखाद्या डॉक्टरवरच्या कारवाईची माहिती मागा, हेच उत्तर येण्याची भीती आहे. कलम ८(२) मात्र अजून जिवंत आहे : नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात ते कलम लिहायला विसरू नका.

खासगीपणाचा मुद्दा निघालाच आहे तर एक गोष्ट मला फार खटकते. हे निकाल वाचताना डॉक्टरपेक्षा रुग्ण जास्त उघडा पडतो. कुणाचा गर्भपात, कुणाचं गर्भाशय, कुणाचा मानसिक आजार, सगळं नावानिशी, पत्त्यानिशी, पानोपानी. आपल्या घरातल्या किती बायकांनी, "कोर्टात सगळं बोलावं लागेल, ते कायमचं इंटरनेटवर राहील" एवढ्याच कारणानं तक्रार गिळली असेल? खुलेपणाची दिशाच चुकली आहे. परवानाधारक व्यावसायिकाचं काम लोकांना दिसायला हवं, रुग्णाचं शरीर नाही. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं ठेवली तर निकालाच्या अर्थात एक काना-मात्रेचा फरक पडत नाही.

आणि डॉक्टरचा विसरलं जाण्याचा हक्क? तो मी मानतो, पण मर्यादेत. २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टानं फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल इंडियन कानूनवरून काढायला सांगितलं आणि सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. तो वाद अजून मिटायचा आहे. डॉक्टरांपुरतं माझं मत सांगतो. नुसती तक्रार, पोलिसांतला एफआयआर किंवा चालू दावा नोंदवहीत दिसू नये. एफआयआर तर मुळीच नाही. सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी ढोबळ निष्काळजीपणाची अट घातली ती उगाच नाही. अंतिम निर्णय मात्र दिसावा, डॉक्टरच्या बाजूनं लागलेलाही दिसावा. अपील चालू असेल तर तसं लिहावं. दहा वर्षं स्वच्छ गेली तर जुनी किरकोळ नोंद मागे पडावी; नाव काढून टाकण्याइतकी गंभीर असेल तर पडू नये. शाखा कोणती, रुग्ण किती, हा संदर्भ सोबत असावा.

डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. ते म्हणतात, नोंदी अशा खुल्या झाल्या तर आम्ही अवघड रुग्णाला हातच लावणार नाही. "मोठ्या हॉस्पिटलला घेऊन जा" म्हणून चिठ्ठी देऊ. आणि हा अवघड रुग्ण कोण असतो? उशिरा आलेला. साखर चारशेवर गेलेला, सातव्या महिन्यापर्यंत एकदाही तपासणी न झालेली, गोवंडीच्या झोपडीतून रिक्षानं आणलेली. म्हणजे आपलीच माणसं. खुल्या नोंदींचा पहिला फटका त्यांना बसू शकतो. याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. दोषी ठरल्याचीच नोंद ठेवली, दाव्याची नाही, तर भीती कमी होईल. आणि कोर्टं, वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे वारंवार सांगत आली आहेत. पण भीती आकडे वाचून जात नाही हेही खरं. म्हणून सुरुवात लहान करावी असं मला वाटतं : आधी कौन्सिलचे शिस्तभंगाचे निर्णय, मग अंतिम झालेले आयोगाचे निकाल.

दुसरीकडे, सगळं झाकून ठेवल्यानं डॉक्टर सुरक्षित झालेत असंही दिसत नाही. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि तरी वॉर्डाच्या काचा फुटतात. त्याचं समर्थन कुणीही करू नये, आपल्या पोरांनी तर अजिबात नाही. पण ज्या माणसाला आपली तक्रार कुठे गेली, तिचं काय झालं हे कधीच दिसत नाही, त्याला कागदापेक्षा दगड जवळचा वाटतो. अनुराधा साहा यांचा १९९८ मध्ये मृत्यू झाला. त्यांचे पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर, अमेरिकेत स्थायिक, हातात पैसा आणि जिद्द. सुप्रीम कोर्टानं त्यांना जवळपास ६ कोटींची भरपाई दिली ती २०१३ मध्ये. पालशेतच्या बापासारखीच पंधरा वर्षं.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर जे हातात आहे ते तरी वापरायला हवं. रुग्णाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. घरात दुःख असलं तरी दहाव्या दिवसाची वाट न बघता लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी फी लागत नाही. जिल्हा आयोगात मराठीत तक्रार लिहिता येते.

आणि ती लिहिताना प्रतिवादीच्या नावापुढे चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक लिहा, कोणत्या परिषदेचा तेही लिहा. याला कुठलाही कायदा आडवा येत नाही, वकिलाची फी वाढत नाही. तक्रारीच्या शीर्षकात तो क्रमांक असला तर निकालाच्या शीर्षकात उतरण्याची शक्यता बरीच असते. आपल्यातले जे वकिली करतात त्यांनी उद्यापासून हे करता येईल. जे कोडिंग करतात त्यांच्यासाठीही काम आहे : महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांचे अनेक निकाल मराठीत आहेत, त्यातून रुग्णाची नावं झाकून, अपिलं जोडून, क्रमांकावर शोधता येईल अशी एका जिल्ह्याची नोंद करून बघायला दोन-चार जण आणि काही शनिवार-रविवार पुरतील. मी नाशिक जिल्ह्यापासून सुरुवात करायचं म्हणतोय, कारण मालेगाव त्यात येतं. मराठी निकाल वाचू शकणारं कुणीतरी सोबत हवं आहे.